चांदीचे काळवंडणे आणि उजळणे : एका घरगुती व्यवहाराची भाषा व रसायन

धातूच्या वस्तू जुन्या होऊ लागल्या म्हणजे त्यांच्या रूपात जो पालट होतो, त्यासाठी मराठीत एकच एक क्रियापद नाही. लोखंड गंजते. तांबे व पितळ कळकते, आणि त्यांत ठेवलेले ताकही कळकते. चांदी मात्र गंजतही नाही आणि कळकतही नाही. ती काळवंडते, किंवा साध्या बोलीत काळी पडते. सामान्य बोलणाऱ्याने रसायनशास्त्राचा अभ्यास केलेला नसतो. तरीही ह्या तीन क्रियापदांची वाटणी तो बहुधा बिनचूक करतो. ही वाटणी केवळ शब्दांची नाही. तिच्या मागे तीन निरनिराळ्या घटना आहेत, आणि त्यांचे निवारणही तीन निरनिराळ्या मार्गांनीच व्हावयास हवे. परंतु निवारणाची वेळ आली की भाषेतील हा विवेक संपतो, आणि तिन्ही प्रकारच्या वस्तूंसाठी एकच क्रियापद वापरले जाते: घासणे. काळवंडलेली चांदी घरच्या साहित्याने कशी उजळावी, आणि ‘घासणे’ ह्या एका शब्दामुळे तिचे नुकसान कसे होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर शिरूर तालुक्यात सणसवाडी हे गाव आहे. शेतीवर जगणाऱ्या ह्या गावाच्या परिसरात गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले, आणि मूळच्या शेतकरी घरांशेजारी महाराष्ट्राच्या इतर भागांतून व उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची बिऱ्हाडे नांदू लागली. अशा गावात एकाच चाळीत एका दारी पैंजण असतात तर दुसऱ्या दारी पायल. नावे वेगळी, वस्तू तीच, आणि काळे पडण्याची तक्रारही तीच. जोडवी, मासोळ्या, तोरड्या, लेकराच्या पायांतील वाळे, करगोटा, कमरेचा छल्ला, हळदीकुंकवाचा करंडा, निरांजन, आणि देव्हाऱ्यातील टाक एवढी चांदी बेताच्या परिस्थितीतील घरातही आढळते. ह्यांपैकी अंगावरची चांदी फारशी काळी पडत नाही, कारण कपड्याचा व कातडीचा मंद घसारा तिला सतत लागत असतो. डब्यात ठेवलेली आणि देव्हाऱ्यात मांडलेली चांदी मात्र काळी पडते. वापरातील वस्तू उजळ आणि जपून ठेवलेली वस्तू काळी, असा हा विलक्षण न्याय आहे.

१. काळेपणा म्हणजे काय

चांदीवरचा काळा थर हा प्राणवायूच्या संयोगाने झालेला गंज नव्हे. चांदी हवेतील प्राणवायूला सामान्य तपमानात सहसा दाद देत नाही. तिचे सख्य आहे ते गंधकाशी. हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू, प्राणवायू आणि आर्द्रता ह्यांच्या संगतीने चांदीच्या पृष्ठभागावर रौप्य सल्फाइड तयार होते. हा वायू सांडपाण्यातून, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून, गोबर गॅसमधून आणि इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होतो. कांदा, लसूण, कोबी आणि अंडे ह्यांतही गंधकयुक्त द्रव्ये असतात. अंड्यात बुडवलेला चांदीचा चमचा काळा पडतो तो त्यामुळेच. कांद्याची साठवण, गोठा आणि देव्हारा ज्या घरात एका छपराखाली असतात, तेथील टाक लवकर काळे पडावेत ह्यात नवल नाही.

थर प्रारंभी इतका पातळ असतो की त्यातून प्रकाश आरपार जाऊन परत येतो. त्यामुळे चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळट-निळसर दिसते आणि शेवटी काळी होते. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे. मीटरचा एक कोटीवा भाग एवढी जाडी झाली तरी वस्तू पुरती मळकट दिसू लागते.

येथे एक आकडा ध्यानात घेतला पाहिजे. रौप्य सल्फाइडच्या वजनापैकी सुमारे ८७ टक्के वजन चांदीचे असते आणि केवळ १३ टक्के गंधकाचे. म्हणजे ज्याला आपण चांदीवरचा ‘मळ’ म्हणतो, तो बाहेरून येऊन बसलेला पदार्थ नव्हे. तो बहुतांशी चांदीच आहे. मळ हा शब्द येथे फसवा ठरतो. मळ काढून टाकावयाचा असतो. परंतु जो थर काढून टाकावयाचा असे आपण म्हणतो, त्यात घरची चांदीच गंधकाला बांधली गेलेली असते. ती फेकून द्यावी की गंधकापासून सोडवून पुन्हा जागच्या जागी बसवावी, हाच ह्या विषयातील खरा प्रश्न होय.

२. हीण आणि आंबट

घरातील चांदी शुद्ध नसते, हेही लक्षात ठेवावयास हवे. शुद्ध चांदी मऊ असल्यामुळे तिच्यात तांब्याचे हीण घालतात. ब्रिटिश अमदानीत १८३५ पासून चाललेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा होता, आणि त्याचे बारापैकी अकरा भाग चांदी होती. ‘रुपयाभार’ हे वजनाचे नाव त्यावरूनच रूढ झाले. असे रुपये आटवून घडवलेले दागिने जुन्या घरांतून अद्याप सापडतात, आणि त्यांत बाराव्या हिश्श्याचे हीण राहते. आज ‘९२५’ असा शिक्का असलेल्या चांदीत १००० भागांत ९२५ भाग चांदी असते आणि उरलेला धातू प्रायः तांबे असतो.

चिंच, लिंबू, आमसूल व ताक ह्या आंबट पदार्थांचा चांदीवर काही वेळा परिणाम दिसतो तो ह्या हिणामुळे. चिंचेतील टार्टारिक आम्ल किंवा लिंबातील सायट्रिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडाचा व हिरवट क्षाराचा थर विरघळवते. म्हणून तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच हे रामबाण औषध आहे. रौप्य सल्फाइड मात्र अशा सौम्य आम्लात जवळजवळ मुळीच विरघळत नाही. हिणकस चांदीच्या पृष्ठभागावरचे तांब्याचे डाग गेले की वस्तू थोडी उजळल्यासारखी वाटते, पण मूळचा काळेपणा राहतो; आणि मग हात आपोआप अधिक जोराने घासू लागतो. चिंचेचा उपाय निष्फळ ठरतो तो चिंचेच्या दोषाने नव्हे; कळकणे आणि काळवंडणे ह्यांतील भेद उपाय करणाऱ्याच्या मनातून पुसला गेल्यामुळे.

हा भेद जुन्या शास्त्रकारांना अवगत होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तेथे लेप नसलेले सोने आणि कलाकुसर न केलेली चांदी केवळ पाण्याने शुद्ध होते असे सांगितले असून, तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे ह्यांच्यासाठी मात्र क्षार, आम्ल व पाणी ह्यांची योजना आहे. तेथील शुद्धी ही धार्मिक शुद्धी आहे, हे खरे. तथापि आम्ल व क्षार ह्यांच्या यादीतून चांदी वगळली आहे आणि कलाकुसरीची चांदी साध्या चांदीपासून निराळी धरली आहे, ह्या दोन्ही गोष्टी अर्थपूर्ण आहेत.

३. राख, रांगोळी आणि टाकावरचा देव

चांदी घासण्यासाठी घरोघर जे वापरले जाते, त्याचे दोन वर्ग पडतात. रिठा हा एक वर्ग. रिठ्याच्या फेसात साबणासारखे गुण असलेली द्रव्ये असतात. त्यामुळे तेल, तूप, हळदीकुंकू, काजळी आणि घाम ही खरोखरची घाण निघून जाते, आणि धातूला ओरखडा उठत नाही. सोनार दागिने धुण्यासाठी रिठा व मऊ ब्रश वापरत आले आहेत, ते योग्यच होय. ह्या घाणीला मळ म्हणणे यथार्थ आहे. पण रिठ्याने काळेपणा जात नाही.

दुसरा वर्ग राख, रांगोळी, विभूती, वीटकर, खडू आणि दंतमंजन ह्यांचा. ह्यांचे कार्य प्रामुख्याने घर्षणाचे असते. राखेत थोडा क्षार असतो व तो तेलकटपणा कापतो. पण काळा थर निघतो तो तिच्या कणांनी खरवडला गेल्यामुळे. पदार्थांच्या काठिण्याच्या दहा अंशी मापात चांदी अडीच ते तीन अंशांवर आहे. वाळूतील स्फटिक सात अंशांवर. राखेत, विशेषतः भाताच्या तुसाच्या राखेत, सिलिका पुष्कळ असते. रांगोळी ही दगडाची पूड. तिचा दगड कोणता, त्यावर तिचे काठिण्य ठरते, पण बहुतेक दगड चांदीहून कठीणच असतात. दंतमंजन दातांच्या लुकणासाठी बनवलेले असते. लुकण चांदीहून कितीतरी कठीण असते. एकूण, ह्या वर्गातील बहुतेक द्रव्ये काळ्या थरापाशी थांबत नाहीत. थराखालची चांदीही नेतात.

ह्याचा परिणाम सर्वांत अधिक भोगावा लागतो तो टाकांना. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली देवतेची मूर्ती. घोड्यावर बसलेला खंडोबा व म्हाळसा, भवानी, भैरोबा, म्हसोबा, तसेच घराण्यातील पूर्वज व वीर ह्यांचे टाक देव्हाऱ्यात असतात. कित्येक टाकांना मागून तांब्याचा पत्रा जोडलेला असतो. पुणे जिल्ह्यातील जेजुरीच्या खंडोबाला मानणाऱ्या घरांतून सणावारी, लग्नापूर्वी, नवरात्रात देव घटी बसण्याआधी आणि चंपाषष्ठीच्या सुमारास देव उजळण्याची चाल आहे. श्रद्धेने व आवर्जून केलेले हे कामच टाकावरची मूर्ती नाहीशी करते. आधी घोड्याचा लगाम जातो, मग देवाचे डोळे, मग नाक. शेवटी उरतो एक गुळगुळीत उंचवटा, आणि तो कोणाचा टाक आहे हे घरातील वडील माणसाच्या सांगण्यावरूनच कळते. टाक फारच झिजला तर सोनाराकडून नवा करून घेतात.

ही झीज काळेपणामुळे होते, की उजळण्याच्या पद्धतीमुळे, हे गणिताने ठरवता येते. मीटरच्या एक कोटीव्या भागाएवढ्या जाडीचा काळा थर दर खेपेस पूर्णपणे फेकला गेला असे धरले, तर त्यात गेलेली चांदी त्या जाडीच्या सुमारे सहा-दशांश एवढी भरते. वर्षातून चार वेळा, याप्रमाणे ५० वर्षांत २०० वेळा टाक उजळला, तरी केवळ थरापायी गेलेली चांदी मिलीमीटरच्या सुमारे ०.०१२ भागाएवढी होईल. एवढ्याने देवाचे नाक जात नाही. ते जाते राखेच्या कणाने थराखालची धातू कापली म्हणून. आणि घासणारे बोट नेमके उंच भागावर अधिक दाबले जाते म्हणून. खोलगट जागी काळेपणा तसाच राहतो व उंच जागी चांदी झिजते. म्हणजे जेथे गरज नाही तेथेच घासले जाते.

४. चांदी परत मिळवण्याची रीत

गंधकाला बांधली गेलेली चांदी सोडवावयाची, तर चांदीपेक्षा अधिक आतुरतेने ह्या विनिमयात उतरणारी दुसरी धातू तेथे आणली पाहिजे. ॲल्युमिनियम ही अशी धातू आहे. चांदीचा वस्तुमात्र तिच्याशी भिडवून दोन्ही क्षारयुक्त गरम पाण्यात बुडवल्या, की एक लहानसा विद्युत्‌घट तयार होतो. ॲल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन देते. रौप्य सल्फाइडमधील चांदी ते घेऊन पुन्हा धातुरूप होते व पृष्ठभागावरच राहते. गंधक पाण्यात जातो. ह्या क्रियेला रसायनाच्या परिभाषेत क्षपण म्हणतात. गंज चढण्याच्या क्रियेची ही उलट क्रिया होय.

रीत सोपी आहे. प्रथम वस्तू रिठ्याच्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुऊन तेल व कुंकू काढावे, कारण तेलकट जागी क्रिया पोचत नाही. काचेच्या अथवा चिनी मातीच्या भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा पातळ कागद, चकचकीत बाजू वर करून, पसरावा. एक लिटर उकळते पाणी घेऊन त्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा व एक चमचा मीठ विरघळवावे. सोड्याने ॲल्युमिनियमवरचा स्वतःचा संरक्षक ऑक्साइडाचा थर सुटतो; मिठाने पाण्यातून विद्युत्‌प्रवाह सुलभ होतो. सोडा घालताच पाणी फसफसते, म्हणून तो थोडा थोडा घालावा. मग वस्तू अशी ठेवावी की ती ॲल्युमिनियमला प्रत्यक्ष टेकेल. हा स्पर्श नसेल तर क्रिया होत नाही. अनेकांचा प्रयोग फसतो तो येथेच. थोड्याच मिनिटांत काळेपणा उतरू लागतो, कुजक्या अंड्यासारखा किंचित वास येतो आणि ॲल्युमिनियम काळसर पडते. वास येणे हे गंधक सुटल्याचे लक्षण आहे. तेवढ्या अल्प प्रमाणात तो अपायकारक नसला, तरी खिडकी उघडी असावी. थर जाड असेल तर पाणी व ॲल्युमिनियम बदलून पुन्हा करावे. नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुऊन मऊ सुती कापडाने लगेच पुसावे.

ह्या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. परत बसलेली चांदी सूक्ष्मपणे सच्छिद्र असते, त्यामुळे वस्तू कधी कधी पांढुरकी व निस्तेज दिसते. कापडाने हलके पुसल्यास तेज येते. सच्छिद्र पृष्ठभाग लवकर काळा पडू शकतो, म्हणून हा उपाय वरचेवर करू नये. मोती, पोवळे व खडे बसवलेले दागिने, आत लाख भरलेल्या पोकळ वस्तू, डिंकाने वा सरसाने जोडलेले भाग आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तू गरम पाण्यात घालू नयेत. नक्षीच्या खाचांत सोनाराने मुद्दाम काळेपणा भरलेला असेल, तर ह्या रीतीने तोही निघून जातो व नक्षी सपाट दिसू लागते. तांब्याची पाठ असलेला टाक दीर्घकाळ मिठाच्या पाण्यात ठेवू नये. काही मिनिटांत काढून नीट वाळवावा, नाही तर सांध्यात पाणी राहून तांबे कळकते. बाजारात मिळणारी बुडवणीची द्रावणे बहुधा थायोयुरिया व आम्ल ह्यांची असतात. ती काळेपणा झटकन विरघळवतात खरी, पण थरातील चांदी त्या द्रावणाबरोबरच जाते. क्षपणाचा लाभ त्यांत नाही.

काळेपणा येऊच न देणे हे सर्वांत श्रेयस्कर. वस्तू पूर्ण कोरडी करून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्यात खडूचा तुकडा ठेवल्यास तो ओल शोषतो. कोळसा काही प्रमाणात वायूही शोषतो. रबराचे बंद आणि लोकर ह्यांत गंधक असतो. त्यांत चांदी बांधू नये. देव्हाऱ्यातील टाक रोज मऊ कापडाने नुसते पुसले, तर वर्षभरात सोडा किंवा राख ह्यांपैकी कशाचीही गरज क्वचितच पडते.

५. उजळणे ह्या शब्दाविषयी

ॲल्युमिनियम प्रथम वेगळे केले गेले १८२५ मध्ये, आणि ते स्वस्त झाले १८८६ मध्ये विद्युत्‌विच्छेदनाची रीत सापडल्यानंतर. त्यामुळे चांदी परत मिळवण्याच्या ह्या रीतीला मराठीत जुने क्रियापद नसावे, हे स्वाभाविक आहे. तथापि नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. ‘घासणे’ ह्या शब्दात केवळ हाताची क्रिया आहे. तिच्यात काहीतरी झिजणे अभिप्रेतच आहे. ‘उजळणे’ हा शब्द संस्कृत उज्ज्वल ह्या शब्दाच्या कुळातला. त्यात फळ आहे, क्रिया कोणती ते सांगितलेले नाही. विद्यार्थी पाढ्यांची उजळणी करतो तेव्हा तो पाढे झिजवत नाही. मनात असलेले पुन्हा स्पष्ट करतो. टाक उजळणे ह्या प्रयोगातही मुळात हीच कल्पना आहे.

शब्दसंग्रह करणाऱ्यांनी म्हणूनच ‘भांडी घासणे’ आणि ‘देव उजळणे’ हे दोन प्रयोग पर्यायशब्द म्हणून एका नोंदीत घालू नयेत. बोलणाऱ्यांनी ह्या दोहोंत राखलेला भेद व्यवहारात ओसरला आहे. तो नोंदीतूनही गेला, तर पुढच्या पिढीला तो शिकवण्याचे साधन उरणार नाही. मूर्तीचे डोळे पुसले गेलेले टाक सोनार नवे करून देऊ शकतो. परंतु ज्या ठशातून जुना टाक उठवला होता तो ठसा, त्या घोड्याची विशिष्ट ठेवण आणि त्या घराण्याच्या वीराचा विशिष्ट पोशाख नव्या टाकावर येतोच असे नाही. चांदी परत मिळते. आकृती परत मिळत नाही. काळेपणा कशाचा आहे हे ओळखून मगच हात लावावा, एवढा विवेक त्यासाठी पुरेसा आहे, आणि तो विवेक गंजणे, कळकणे व काळवंडणे ह्या तीन शब्दांत मराठी बोलणाऱ्यांनी पूर्वीच साठवून ठेवलेला आहे.